नागपुरात राहून, ठरवून कुणाच्या तरी मालकीचं असणं

तांब्याचं कडं

मंडळी, चार वर्षं इथे नुसता वाचत आलोय. आज पहिल्यांदा धागा काढतोय. घरी बसून लिहायला हात धजेना, म्हणून ऑफिस सुटल्यावर फुटाळ्याच्या काठाला गाडी लावून टाइप करतोय.

वय ४३. मूळ काटोलकडचं शेतकरी घर, आता त्रिमूर्तीनगरात. लग्नाला सोळा वर्षं झाली. पत्रिका जुळवून, दोन्हीकडच्या मामांनी बोलणी करून झालेलं लग्न. एक मुलगी, अकरा वर्षांची. आणि गेली सहा वर्षं मी माझ्या बायकोच्या मालकीचा आहे.

'मालकीचा' हा शब्द आम्ही दोघांनी बसून निवडला. किंकच्या, म्हणजे चाकोरीबाहेरच्या लैंगिक आवडींच्या, जगात याला ओनरशिप म्हणतात, काही जण टोटल पॉवर एक्स्चेंज म्हणतात. एका माणसाने आपल्या रोजच्या जगण्यातले निर्णय राजीखुशीने दुसऱ्याच्या हाती द्यायचे, आणि दुसऱ्याने ते जबाबदारीने पेलायचे. झोपण्याच्या खोलीपुरतं असतं तसं हे नाही, चोवीस तासांचं आहे. बाहेरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. सकाळी मी चहा करतो, कप तिच्या हातात देतो आणि ती पहिला घोट घेईपर्यंत बसत नाही. ते अर्धं मिनिट माझ्या दिवसातलं सगळ्यात शांत असतं. दिवसभर ऑफिसात चौदा माणसं माझ्याकडे निर्णय मागायला येतात. घरी आल्यावर कुणीतरी 'आता बस, आता जेव, फोन बाजूला ठेव' असं हक्काने सांगावं आणि मी ते करावं, यात मला जे मिळतं ते मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. तिचं म्हणणं, माझा दिवस हातात घेतल्यावर ती स्वतःही नीट जगायला लागली, आधी ती सगळं दुसऱ्यांवर ढकलायची.

मनगटात तांब्याचं कडं आहे. ते तिने घातलं, तीच काढते. नागपुरात निम्म्या माणसांच्या हातात तांब्याचं कडं असतं. 'बीपीसाठी का?' विचारतात, मी हो म्हणतो.

आमची एक वही आहे. इतवारीतून आणलेली लाल कापडी बांधणीची चोपडी, दुकानदार जमाखर्चाला वापरतात तशी. डाव्या पानावर तिला काय काय दिलं ते. माझा मोकळा वेळ, माझे कपडे, दोन हजारांवरचा माझ्यावरचा खर्च, मित्रांसोबतची रात्र. उजव्या पानावर जे माझ्याकडेच राहिलं ते. माझी नोकरी, आईबाबांचं औषधपाणी, शेतातला हिस्सा, डॉक्टर, मुलीबद्दलचे निर्णय (ते दोघांचे), आणि फक्त माझ्या नावाचं एक खातं ज्यात सहा महिने एकट्याने राहता येईल एवढे पैसे. उजवं पान तिने माझ्याकडून लिहून घेतलं. मी पहिल्यांदा म्हणालो होतो की सगळंच तुझं. ती म्हणाली, "तू अडकलास म्हणून राहिलास, असं मला एक दिवसही वाटायला नको."

थांबण्याचा शब्द आहे 'झिरो माईल'. चारचौघांत, सासऱ्यांसमोरसुद्धा म्हणता येतो. "झिरो माईलकडे जायचंय आज" म्हटलं की सगळं तिथल्या तिथे बंद, कारण नंतर सांगायचं. सहा वर्षांत तीनदा वापरला. एकदा तिने ठरवलं होतं की या शनिवार-रविवारी मी काटोलला जायचं नाही, आराम करायचा. मी हो म्हणून बसलो आणि आतून जळत राहिलो, कारण बाबांचा खोकला वाढल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं. शुक्रवारी रात्री ओट्यापाशी भांडी पुसता पुसता तो शब्द बाहेर पडला. तिने हातातलं ताट खाली ठेवलं, गॅस बंद केला, मला खाली बसवलं आणि पाणी दिलं. सकाळी दोघंही काटोलला गेलो. चूक माझी होती. ती ठरवते ते मी सांगितलेल्यावरून ठरवते. मी लपवलं तर तिचा निर्णय चुकणारच.

वर्षातून एक दिवस, पोळ्याला, सगळं उतरवून ठेवतो. माझ्या बाबांनी पोळ्याला कधी बैलाच्या मानेवर जू ठेवलं नाही. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपा-हळदीने शेकायचे आणि त्यांना म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." त्या संध्याकाळी ती माझं कडं काढते आणि मनगट चोळून देते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन सारख्या खुर्च्यांवर बसून वही वाचतो आणि पुढचं वर्ष हवं की नको ते ठरवतो.

आता ज्यासाठी धागा काढला ते. दिवाळीत आई आली होती. तिने मला बायकोचे पाय दाबताना पाहिलं. 'बाईलवेडा' म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही. हेच पाय बायकोने माझे दाबले असते तर आईने शेजारी चार घरी कौतुक सांगितलं असतं. आमच्या गल्लीत भिशी आहे, हरिपाठ आहे, प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ठाऊक असतं. असं जगणारे इथे अजून कुणी आहेत का? तुम्ही घरच्यांत कसं निभावता? आणि तुमच्या उजव्या पानावर काय आहे?

महालातले काका

काय लिहून राहिला बाप्पा तू हे. पुरं वाचलं, दोनदा वाचलं. माझं वय ७१, जन्म महालात गेला. बायकोचं ऐकणारे आम्हीही होतो, माझी सौ. गेली तोवर पगाराचं पाकीट तिच्याच हाती देत आलो. पण आम्ही त्याला संसार म्हटलं. त्याची वही नाही केली, शब्द नाही ठरवले. नवरा-बायकोतलं उंबऱ्याच्या आत राहावं. आणि घरात अकरा वर्षांची पोरगी आहे रे. तिनं उद्या शाळेत सांगितलं तर? तू कायले हे चव्हाट्यावर आणून राहिला? राग नाही, काळजी वाटली म्हणून लिहिलं.

तांब्याचं कडं

काका, दोनदा वाचलंत, त्याबद्दल आभार. मुलीचं पहिल्या दिवसापासून वहीच्या पहिल्याच ओळीत आहे. तिच्यासमोर कुठलंही संबोधन नाही, कुठलाही नियम नाही, तिला यातलं काही सांभाळावं लागणार नाही. तिला दिसतं ते एवढंच की बाबा चहा करतो आणि आईला विचारून ठरवतो. चव्हाट्यावर यासाठी आणलं की सहा वर्षांपूर्वी मला वाटत होतं असा मी जगात एकटाच आहे, आणि ते दिवस फार वाईट होते.

वाळ्याची ताटी

मी तुमच्या उलट्या बाजूची. ३८ वर्षं, सक्करदऱ्याला एकत्र कुटुंब, शाळेत शिकवते. नवऱ्याच्या मालकीची आहे, पाच वर्षांपासून, ठरवून.

तुमच्या आईने ताट दूर सारलं. माझं उलटं होतं, माझं कौतुक होतं, आणि ते जास्त टोचतं. "सून पाहावी तर अशी, नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही." त्यांना वाटतं हे माझ्यावर बिंबवलेलं आहे. लग्नानंतरची पहिली आठ वर्षं खरंच तसं होतं. सासू, नणंद, दीर, नवरा, सगळ्यांचं ऐकायचं, कुणी विचारलेलं नाही, मी ठरवलेलं नाही. त्या वर्षांत मी अर्धी झाले होते. मग आम्ही दोघं दोन वर्षं बोललो, भांडलो, मी चार महिने माहेरीही राहिले. त्यानंतर जे ठरलं त्यातली पहिली अट मी घातली : मी तुझी, तुझ्या घराची नाही. सासूबाईंचं काम तू तुझ्या तोंडून माझ्यावर टाकायचं नाही. तुला दिलेली आज्ञेची जागा तू भावाला, आईला, कुणालाही उसनी द्यायची नाही. त्याने एकदा टाकलं. 'आईच्या भिशीचं जेवण तूच कर, मी सांगतोय' असं म्हणाला. मी महिनाभर सगळं बंद ठेवलं. तो समजला.

सासूबाई सासऱ्यांना आजही 'मालक' म्हणतात. "मालक जेवले का?" एकदा दुपारी गच्चीवर सांडगे घालताना मी त्यांना विचारलं, आई, तुम्हाला हे कधी आवडलं का हो? त्यांचे हात थांबले नाहीत. सांडग्यांची अख्खी ओळ पुरी केली आणि म्हणाल्या, "नाही म्हणता येते, हेच कोणी सांगितलं नव्हतं."

मी त्या दिवसानंतर कुणाला समजावत बसत नाही की माझ्या आणि त्यांच्या 'मालक' मध्ये काय फरक आहे. मला तो त्या गच्चीवर दिसला.

एकत्र घरात शब्द उच्चारायचीही सोय नसते. भिंतीपलीकडे दीर. उन्हाळ्यात कुलर चालू असतो तेव्हा बरं, आवाजात आवाज मिसळतो. बाकी दिवसांसाठी आमचा पेला आहे. पलंगाजवळच्या तांब्यावर पेला पालथा असतो तसा असला की ठीक. पेला सुलटा करून बाजूला ठेवलेला दिसला की आज नाही, काही विचारायचं नाही. डाव्या पायात काळा दोरा आहे, सासूबाईंना वाटतं नजरेसाठी. मंगळसूत्र लग्नाचं, ते सगळ्यांसमोर घातलं. हा दोरा मी त्याच्याकडून मागून घेतला.

चौदा ऑक्टोबर

मला धागा आवडला आणि दोन ठिकाणी फार त्रास झाला. दोन्ही सांगते.

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, तेव्हा वय सतरा. त्यांच्या वडिलांनी गावात आयुष्यभर वेठ केली. 'मालक' म्हणताना मान वर नसायची. आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. पाटलाला नाही, दुकानदाराला नाही, आणि आजीने आजोबांनाही कधी म्हटलं नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. तिच्यात बाई आणि शूद्र दोघांनाही कुणाच्या तरी ताब्यात ठेवलेलं होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. तेव्हा 'मी मालकीचा आहे' असं कुणी आनंदाने लिहिलेलं वाचलं की माझ्या पोटात कालवतं. दुसरं म्हणजे बैल. बैलाचे खांदे एक दिवस शेकले म्हणून उरलेल्या ३६४ दिवसांचं जू त्याने मागितलं होतं असं होत नाही.

आणि तरीही मी स्वतः अशा नात्यात आहे. जोडीदार दुसऱ्या जातीचा, जिला गावात जमीन होती अशा जातीचा. त्यामुळे आम्हाला शब्द नव्याने घडवावे लागले. 'मालक', 'गुलाम', 'दासी' यातलं काही नाही. मी 'सोपवते', तो 'सांभाळतो'. माझ्या उजव्या पानावर पहिली ओळ : जातीवरून, रंगावरून, माझ्या माणसांवरून अपमान हा कुठल्याही खेळाचा भाग होणार नाही, मी कितीही भरात 'चालेल' म्हटलं तरी. दुसरी ओळ : तो माझ्या आईसमोर खुर्चीवर आणि ती खाली, असं कधी होणार नाही. बाहेरच्या जगात ज्या बाजूचं वजन आधीच जास्त आहे त्याने घरात अजून वजन घेताना किती जपून घ्यावं, यावर इंग्रजीत लिहिणाऱ्या किंक मंडळींना आपल्यासारखं जातीच्या अंगाने बोलावं लागत नाही. आपल्याला लागतं.

मला हे सोपवता येतं कारण मी मोकळी आहे. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारी बंद केली, माझ्या नावावर नोकरी आहे, भाड्याचा करार आहे. पणजोबांना यातलं काही नव्हतं.

तांब्याचं कडं

ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. बराच वेळ दोघंही बोललो नाही.

बैलाचं तुमचं बरोबर आहे. मी ज्या घरातून आलो त्यात बैलावर माया होती, म्हणून मला ती उपमा जवळची वाटली. पण बैलाला कुणी विचारत नाही आणि दोन खुर्च्यांवर कुणी बसवत नाही. आमच्याकडे जमीन होती, तुमच्या पणजोबांसारखी माणसं आमच्या आजोबांच्या शेतावर राबली असतील. 'मालक' हा शब्द मला हलका वाटतो कारण तो आमच्या घरात बाहेरून हाक म्हणून यायचा. हे आज कळलं. शब्द बदलायचा का, हे यंदाच्या पोळ्याला वहीत घेऊ.

काळा कोट

वकिली करतो, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. धाग्यात कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं, हे धरूनच वाचा.

तुमची वही, करार, स्टॅम्पपेपर, नोटरी, कशालाही कोर्टात किंमत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे लोकनीतीविरुद्धचा करार रद्दबातल. माणसाची मालकी या देशात कुणाकडेच असू शकत नाही. वही एकमेकांशी बोलण्यासाठी आहे, धमकीसाठी नाही. 'तू सही केली आहेस' असं कुणी म्हणालं तर त्या सहीला कायद्यात शून्य अर्थ आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या २५ व्या कलमात अठरा वर्षांवरच्या माणसाने संमती दिलेल्या इजेला सूट आहे, पण मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव नसेल तरच. हाड मोडणं, दात पडणं, पंधरा दिवस रोजची कामं करता न येणं, हे गंभीरमध्ये येतं. तिथे संमती चालत नाही. २८ वं कलम सांगतं की भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नाही.

आता विवाहितांसाठी एक कडू गोष्ट. नवऱ्याने अठरा वर्षांवरच्या बायकोवर केलेली जबरदस्ती आजही याच संहितेच्या ६३ व्या कलमाच्या अपवादामुळे बलात्कारात मोजली जात नाही. म्हणजे लग्नाच्या आत बाईचं 'नाही' फौजदारी कायदा त्या नावाने ऐकत नाही. लहानपणी लग्न लावलेल्या आणि नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने सांगितलं होतं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. वैवाहिक हक्क परत मिळवण्याचं कलम हिंदू विवाह कायद्यात आजही आहे. म्हणून ज्या घरात नवरा मालकाच्या जागी आहे तिथे तो थांबण्याचा शब्द, तो पेला, घरातला सगळ्यात मोठा कायदा समजा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मात्र बाईच्या हाताशी आहे. त्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो, आणि लग्नासारखं एकत्र राहणाऱ्यांनाही तो लागू आहे. दोघांनी ठरवून केलेल्या गोष्टीत एकाने ठरवलेलं मोडलं, तर 'पण आधी तीच हो म्हणाली होती' हे उत्तर पुरणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला व्यभिचाराचं ४९७ वं कलम रद्द करताना म्हटलं की नवरा हा बायकोचा मालक नाही. त्याच्या वर्षभर आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हे दोन्ही निकाल एकत्र वाचा. तुमच्या घरातलं ठरवलेलं नातं या दोघांच्या मधोमध उभं आहे.

दुपारचं ऊन

समुपदेशनाचं काम करते, बावीस वर्षं. अशी जोडपी माझ्याकडे येतात. दार लावलं की पहिलं वाक्य बहुतेकदा, "आम्ही आजारी आहोत का?" जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि प्रौढांमधलं संमतीचं असं वागणं त्यात आजार म्हणून नाही. मला जे पाहायचं असतं ते दुसरं. एक माणूस खोलीबाहेर गेल्यावर दुसऱ्याचा श्वास मोकळा होतो का, ते मी पाहते. गेल्या महिन्यात कशाला तरी नाही म्हटलं असेल तर ते सांगा, असं म्हणते. ज्यांना आठवतच नाही त्यांना मी एकटं भेटायला बोलावते.

तुमच्या उजव्या पानावरून एक गोष्ट आठवली. 'मॅसोकिझम' (दुखवून किंवा हुकूम मानून घेण्यातलं सुख) हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्राफ्ट-एबिंग या डॉक्टरने झाखर-माझोख या ऑस्ट्रियन लेखकाच्या नावावरून पाडला. त्या लेखकाने १८६९ मध्ये फॅनी पिस्टोर या बाईशी लेखी करार करून स्वतःला तिचा गुलाम केलं होतं. मुदत सहा महिने. आणि त्या करारातही लिहिलंय की रोजचे सहा तास त्याच्या लिखाणासाठी त्याचे स्वतःचे राहतील, त्याची पत्रं ती वाचणार नाही, आणि त्याची अप्रतिष्ठा होईल असं काही ती सांगणार नाही. दीडशे वर्षांपूर्वीचं उजवं पान.

मिहान पीजी

नमस्कार. दोन रात्री हा धागा वाचतेय. मी २४ वर्षांची, मिहानमध्ये नोकरी, पीजीत राहते, घर यवतमाळकडे. घरी कुणाला काही सांगू शकत नाही.

एका अ‍ॅपवर एक जण भेटला, तीन महिने झाले. तो म्हणतो मी त्याची आहे. सुरुवातीला खूप छान वाटलं, कुणीतरी माझा दिवस विचारतंय. मग फोनचं लोकेशन चालू ठेवायला लावलं. मग रूममेटशी बोलणं बंद करायला सांगितलं. पहिल्या महिन्याला सात हजार घेतले, म्हणाला हा समर्पणाचा भाग. आता पगाराचं एटीएम कार्ड आणि पिन मागतोय. मी थांबूया म्हटलं तर म्हणतो खऱ्या 'सब'ला, म्हणजे स्वतःला सोपवणाऱ्या माणसाला, सेफवर्ड (थांबण्याचा शब्द) लागत नाही. त्याच्याकडे माझे फोटो आहेत. एकदाही भेटलेलो नाही. तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी वाचून मला कळत नाही की मी चुकीची आहे का, कारण मला हवं तर हेच होतं.

वाळ्याची ताटी

बेटा, तुला जे हवं होतं त्यात काहीही चूक नाही. ते तू इथे मागितलंस तसंच पुढेही माग. या माणसाने ते घेऊन तुला दिलं काय, ते बघ. मी माझ्या नवऱ्याला माझ्या पायातला दोरा बांधू देण्याआधी दोन वर्षं गेली, आणि तो माझा नवरा होता.

रूममेटशी आज रात्री बोल. एवढंच कर आज. पिन द्यायचा नाही.

काळा कोट

पैसे आणखी द्यायचे नाहीत, एक रुपयाही. सगळ्या गप्पांचे, नंबरचे, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट घे आणि दुसरीकडे ठेव, मग लोकेशन बंद कर. गप्पा डिलीट करू नकोस. पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार कर. खासगी फोटो संमतीशिवाय पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. फोटोची धमकी देऊन पैसे मागितले तर ती खंडणी. बाईसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. पोलिसांत गेलीस तर तू कसलं नातं शोधत होतीस हे सांगायची गरज नाही. धमकी, पैसे, फोटो, एवढं पुरे.

चौदा ऑक्टोबर

माझ्या जोडीदाराने मला पहिल्या भेटीला धरमपेठेत भर संध्याकाळी चहाला बोलावलं आणि सोबत मैत्रीण आण म्हणाला. ती पलीकडच्या टेबलावर बसली होती, तिला त्याने स्वतःच्या पैशाने सामोसा पाठवला. तुझ्या या माणसाला फक्त एक सांगून बघ : रविवारी भेटू, मैत्रीण सोबत असेल. त्याचं उत्तर आधी स्क्रीनशॉट काढून ठेव आणि मग वाच.

महालातले काका

पोरी, मी वर विरोधात लिहिलं होतं. ते मत माझं आहे तसंच आहे. पण या बाकीच्या लोकांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्या सगळ्या खऱ्या आहेत आणि तो माणूस चोर आहे. घाबरू नको. फोटोनं माणसाची इज्जत जात नाही, पाठवणाऱ्याची जाते. ठाण्यात एकटी जायची भीती वाटली तर घरातलं एक मोठं माणूस निवड, बाप नसंल तर मामा, आत्या, कोणी. माझ्या नातीला असं झालं असतं तर तिनं मले सांगावं असं मले वाटलं असतं, तिनं काय केलं ते न विचारता मी चप्पल घातली असती.

मिहान पीजी

आठ दिवसांनी लिहितेय. रूममेटला सांगितलं. ती रडली, मग तिनेच माझ्या फोनमधले सगळे स्क्रीनशॉट काढले, एकशे बारा झाले. रविवारी भेटू असं त्याला लिहिलं. आधी म्हणाला की मी त्याच्यावर अविश्वास दाखवला म्हणून शिक्षा, मग फोटो तुझ्या ऑफिसात जातील. तेही ठेवलं. १९३० वर तक्रार केली. आत्याला फोन केला, ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आली आणि आम्ही तिघी सायबरकडे गेलो. तिथल्या मॅडमने फक्त धमकीचं विचारलं. आत्यानेही अजून काही विचारलेलं नाही. नंतर बर्डीवर आम्हाला तर्री पोहे खाऊ घातले, एवढंच. सात हजार परत येतील की नाही माहीत नाही.

काका, तुमचा प्रतिसाद मी आत्याला वाचून दाखवला.

तांब्याचं कडं

फार बरं केलंस. आमच्या दोघांकडून आत्यांना नमस्कार सांग.

इथे आमचंही एक ठरलं. पोळ्याची वाट न पाहता काल वही उघडली. 'मालकीचा' वर एक रेघ मारली, खोडलं नाही, रेघ मारली. त्याच्या बाजूला अजून शब्द लिहायचा आहे. तिने 'हवाली' सुचवलंय, मला 'सोपवलेला' बरा वाटतो. आणि आई पुढच्या महिन्यात येणार आहे. पाय दाबायचे ते तिच्यासमोर दाबायचे की दार लावून, हे बायकोने माझ्यावर सोडलं. तो निर्णय उजव्या पानावरचा आहे म्हणाली, कारण आई तुझी आहे.

मिहान पीजी

मी पण वही आणली, बर्डीवरून, साधीच. डावं पान कोरं ठेवलंय, कदाचित बरीच वर्षं कोरं राहील. उजव्यावर सध्या चार ओळी आहेत : पगार, पिन, रूममेट, आत्या. एक विचारायचं होतं. मला पाळीच्या वेळी खूप त्रास होतो, गोळ्या चालू आहेत. ते डॉक्टरमध्ये लिहायचं की वेगळं?

वाळ्याची ताटी

वेगळं लिही. मी वेगळं लिहिलंय, पाचव्या ओळीला.